संत गोन्सालो गार्सिया : आपली इच्छा देवाच्या हाती



पाप सोडावे, हे आपल्याला कळते. पण देवाची सेवा करण्याची आपली चांगली इच्छाच पूर्ण झाली नाही तर? वसईच्या गोन्सालो गार्सियाच्या वाट्याला नेमके हेच आले.

त्याचा जन्म १५५६ च्या सुमारास वसईत झाला. वडील पोर्तुगीज, आई आपल्या कोकणातली. वसईच्या किल्ल्यात येशूसंघीय फादर सेबॅस्टियन गोन्साल्विस यांच्या देखरेखीखाली तो शिकला आणि पंधरा-सोळाव्या वर्षी मिशनऱ्यांबरोबर जपानला गेला. तिथली अवघड भाषा त्याने आत्मसात केली व अनेक वर्षे धर्मशिक्षक म्हणून सेवा केली. मनात एकच आस होती, येशूसंघात प्रवेश मिळावा. आज नाही, उद्या पाहू, असे होत वर्षे सरली. प्रवेश मिळालाच नाही. ज्यांच्यासोबत राबलो त्यांच्याच घरात आपल्याला जागा नाही, हे किती लागले असेल!

तो बाहेर पडला आणि व्यापारी झाला. धंद्यात जम बसला, पैसा आला. गोष्ट इथेच संपू शकली असती. आपल्या महाळुंगे-हिंजवडी भागात नोकरीनिमित्त आलेल्या कितीजणांनी तरुणपणी देवाला काही शब्द दिला असेल. पुढे बरे चालले की त्याचा विषयही निघत नाही. गोन्सालोने मात्र मनिला शहरात धंदा सोडला आणि तो फ्रान्सिस्कन संघात गेला, तोही धर्मगुरू होण्यासाठी नव्हे, साधा ब्रदर म्हणून. देवाच्या इच्छेला शरण जाणे म्हणजे स्वस्थ बसणे, असा आपल्यात फार समज आहे. गोन्सालो स्वस्थ बसला नाही. अमुकच दार उघडावे, हा हट्ट तेवढा त्याने सोडला.

आणि देवाने त्याला परत जपानलाच पाठवले! १५९३ मध्ये फादर पीटर बॅप्टिस्ट हे फिलिपिन्सच्या गव्हर्नरचे दूत म्हणून जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे गेले, तेव्हा त्यांचा दुभाषा गोन्सालो होता. पूर्वी वाया गेली असे वाटलेली वर्षे अशी कामी आली.

१५९६ मध्ये एक स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यावर फुटले. त्यातून संशय वाढला आणि हिदेयोशीने अटकेचा हुकूम काढला. क्योटो शहरात कैद्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापण्यात आला. मग ऐन थंडीत नागासाकीपर्यंत त्यांची धिंड निघाली. वाटेत दोघांची भर पडून ते २६ झाले. त्यांत बारा वर्षांचा लुईस इबाराकीही होता.

५ फेब्रुवारी १५९७ च्या सकाळी, क्रुसावर जाण्यापूर्वी, त्यांच्यातील जॉन आणि जेम्स या दोघा जपानी बांधवांना येशूसंघाची व्रते घेऊ देण्यात आली. ज्या व्रतांसाठी गोन्सालो वर्षानुवर्षे थांबला होता, तीच ही व्रते. गोन्सालो आपल्या फ्रान्सिस्कन झग्यातच निशिझाका टेकडी चढला. सर्वांत आधी क्रुसावर तोच गेला, असे परंपरा सांगते. टेकडीवर येशूसंघीय आणि फ्रान्सिस्कन एकाच रांगेत होते.

८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी सव्वीसही जणांना एकत्र संतपद दिले. भारतात जन्मलेला पहिला संत तो हाच. जागतिक दिनदर्शिकेत ६ फेब्रुवारीला या सर्वांचा सण येतो, तो येशूसंघाच्या संत पॉल मिकी यांच्या व त्यांच्या सोबत्यांच्या नावाने. आपला गोन्सालो त्या सोबत्यांत आहे.