सी. व्ही. रामन आणि एका थेंबाचा ताण

रामन म्हटलं की आपल्याला नोबेल आणि २८ फेब्रुवारीचा विज्ञान दिन आठवतो. मला मात्र त्यांचा थेंब जास्त आवडतो.

चंद्रशेखर वेंकट रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ चा, तिरुचिरापल्लीचा. १९०७ मध्ये, विशीही गाठली नव्हती तेव्हा, त्यांचा एक शोधनिबंध लंडनच्या 'फिलॉसॉफिकल मॅगझिन'मध्ये छापून आला. विषय होता, थेंबाच्या वक्रतेवरून द्रवाचा पृष्ठताण मोजणे.

आता पृष्ठताण म्हणजे काय? पाण्याच्या आतल्या रेणूला सगळ्या बाजूंनी शेजारी ओढतात. वरच्या थरातल्या रेणूला वरून ओढणारं कुणी नसतं. म्हणून पृष्ठभाग आक्रसतो आणि थेंब गोल होऊ पाहतो. वजन मात्र त्याचा आकार बिघडवतं. या ओढाताणीतून जी वक्रता उरते, ती मोजली की ताण काढता येतो.

आमच्या शिरूर-दौंडकडे कांद्यावर फवारताना औषधात स्टिकर टाकतात, ते यासाठीच. पात मेणचट असते, त्यामुळे नुसतं पाणी गोळा होऊन घरंगळतं आणि औषधाचे पैसे मातीत जातात. स्टिकरने ताण कमी होतो, थेंब पातीवर पसरतो.

त्याच १९०७ मध्ये रामन सरकारी अर्थखात्यात लागले. कलकत्ता, रंगून, १९१० मध्ये आपलं नागपूर. दिवसभर हिशोब, उरलेल्या वेळात प्रयोग! १९१७ मध्ये ही पक्की नोकरी सोडून ते कमी पगारावर प्राध्यापक झाले. १९३० ला नोबेल मिळालं, ते प्रकाशावरच्या कामासाठी. २१ नोव्हेंबर १९७० ला ते गेले.

कांद्याच्या पातीवर एक थेंब साध्या पाण्याचा, एक साबणाच्या पाण्याचा ठेवा. मोबाईलने बाजूने फोटो काढा. फरक लगेच दिसेल.