शिपायाच्या घराची काळजी वाहणारा राजा

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र असावे, असा प्रघात आहे. यंदा ते काम चिटणीसबाईंनी माझ्यावर सोपविले. मी सातवी शिकलेली, चूल आणि मुले सांभाळणारी बाई. तरी वाचनाची आवड आहे, त्या बळावर चार शब्द लिहिते. मी श्रीशिवछत्रपतींचे चरित्र निवडले आहे. भगिनी म्हणतील, यात नवे ते काय? अफजलखानाचा वध आणि आग्ऱ्याची सुटका आपल्या मुलांनासुद्धा पाठ आहे. खरे आहे. म्हणून लढायांचे वर्णन मी थोडक्यात करणार आहे. महाराज आपल्या शिपायाला पगार कसा देत, तो जखमी झाला तर काय करीत, आणि तो पडला तर त्याच्या बायकोमुलांचे काय होई, ते मला सांगावयाचे आहे. घर चालविणाऱ्या बाईला हाच प्रश्न आधी सुचतो.

महाराजांचे घराणे आपल्याच भागातले. आजोबा मालोजीराजे वेरूळचे. तेथील घृष्णेश्वराच्या देवळाचा त्यांनी जीर्णोद्धार केला. पुढे अहिल्याबाई होळकरांनी ते देऊळ नव्याने बांधविले. मातोश्री जिजाबाई सिंदखेडच्या लखुजी जाधवरावांच्या कन्या. लखुजी निजामशाहीचे मोठे सरदार. पण १६२९ साली आपल्या या दौलताबादच्या किल्ल्यावर, भर दरबारात, निजामशहाने त्यांना मुलांनातवासह मारविले. त्यानंतर सुमारे सात महिन्यांनी, १९ फेब्रुवारी १६३० रोजी, शिवनेरीवर शिवबाचा जन्म झाला. दुसऱ्याची चाकरी करणाऱ्याच्या घराला भरवसा नसतो, हे जिजाबाईंनी माहेरच्या दुःखातून जाणले होते. मुलाला वाढविताना त्या माउलीच्या मनात ते नसेल, असे कसे म्हणावे?

त्या काळी लष्कराची रीत अशी होती की, बादशहा सरदाराला जहागीर तोडून देई आणि सरदार त्या उत्पन्नावर शिपाई बाळगी. शिपायाचा धनी सरदार. त्याने दिले तर मिळाले, नाही दिले तर दाद कोठे मागावयाची? सरदाराला पैसा कमी पडला की तो रयतेला पिळी आणि शिपायाचेही तुंबवून ठेवी. घरात कर्त्याने पैसे दाबून ठेवले की सून आणि मोलकरीण दोघींचे हाल होतात, तसाच हा प्रकार.

महाराजांनी पुणे भागात स्वराज्याचे काम आरंभले तेव्हा ही रीत त्यांनी मोडली. लष्कराला गाव किंवा जमीन तोडून न देता सरकारी खजिन्यातून रोख वेतन ठरविले. कृष्णाजी अनंत सभासद याने महाराजांच्या मागे जिंजीस राहून जी बखर लिहिली, तीत ही व्यवस्था तपशिलाने आहे. घोडदळात पंचवीस स्वारांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी, अशी चढती पायरी. जुमलेदारास ५०० होन, हजारीस १००० होन आणि पंचहजारीस २००० होन. होन म्हणजे सोन्याचे नाणे. दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी पाण्यासाठी आणि एक नालबंद. प्रत्येक अधिकाऱ्याजवळ हिशेबाला कारकून. पावसाळ्यात चार महिने लष्कर छावणीला राही, दसऱ्याला मुलुखगिरीस निघे. निघताना प्रत्येकाच्या सामानाची यादी होई आणि परतल्यावर पुन्हा झडती होई. लुटीतले सरकारात जमा झाले पाहिजे, असा नियम होता. एकीकडे पगाराची हमी, दुसरीकडे पै न पैचा हिशेब. या दोन गोष्टी एकत्र होत्या, म्हणून व्यवस्था टिकली.

आता मुख्य गोष्ट. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखाली अफजलखान मारला गेला आणि त्याच्या फौजेचा मोड झाला. येथवर आपण सगळ्याजणी ऐकतो, नंतरचे कोणी सांगत नाही. सभासद लिहितो की, लढाईत पडलेल्यांच्या मुलांना महाराजांनी चाकरीत घेऊन चालविले. ज्यांना मुलगा नव्हता त्यांच्या बायकांना नवऱ्याचे निम्मे वेतन बांधून दिले. जखमींना जखम पाहून कोणाला २००, कोणाला १००, कोणाला ५०, तर कोणाला २५ होन दिले. विजयाच्या धामधुमीत, विजापूरकरांशी पुढची लढाई डोळ्यांसमोर असता, हे काम उद्यावर ढकलले नाही.

हे वाचले तेव्हा माझे डोळे भरून आले, त्याला कारण आहे. माझे धाकटे दीर लष्करात होते. नोकरीत असतानाच आजारपणात गेले. पगार त्या महिन्यापासून बंद झाला, आणि निवृत्तिवेतनाचे कागद एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत अकरा महिने फिरत राहिले. नावातले एक अक्षर लग्नाच्या दाखल्यावर निराळे होते, एवढेच निमित्त. त्या अकरा महिन्यांत माझ्या जावेने परकर-पोलकी शिवून दोन मुलींची फी भरली. आम्ही होतो, म्हणून चूल विझली नाही. पण जिला कोणी नाही तिने काय करावे? साडेतीनशे वर्षांपूर्वी एका राजाला हे सुचले होते की, विधवेला सांत्वनाबरोबर दरमहाचा आधार लागतो आणि तो लवकर लागतो.

कोणी म्हणेल, राज्य भरभराटीत असताना असे औदार्य सोपे आहे. तसे मुळीच नव्हते. शाहिस्तेखान तीन वर्षे पुण्यात तळ देऊन बसला होता आणि मुलूख उजाड झाला होता. १६६४ च्या जानेवारीत महाराजांनी सुरत लुटून खजिन्याची तूट भरून काढली. सुरतेच्या व्यापाऱ्यांचे त्यात नुकसान झाले, हेही खरे आहे. पुढल्याच वर्षी मिर्झाराजे जयसिंग चालून आला. पुरंदरावर मुरारबाजी देशपांडे पडले आणि जून १६६५ मध्ये तह करावा लागला. तेवीस किल्ले आणि वर्षाला चार लाख होन उत्पन्नाचा मुलूख मोगलांना गेला. महाराजांपाशी राहिले बारा किल्ले आणि एक लाख होन. भगिनींनो, पाच रुपयांत चालणारे घर एका रुपयात चालविण्याची पाळी आली! पुढे आग्ऱ्याची कैद आणि १६६६ च्या ऑगस्टमधली सुटका झाली.

अशा वेळी माणसे कमी करणे, हा सर्वात सोपा उपाय. महाराजांनी दुसरी वाट काढली आणि ती आपल्या गावावरून जाते. मोगलांशी सलोखा करून त्यांनी १६६७ साली संभाजीराजांना शहाजादा मुअज्जम याच्याकडे औरंगाबादेस पाठविले. राजांचे वय तेव्हा अवघे दहा वर्षांचे. त्यांच्या नावे पंचहजारी मनसब आणि वऱ्हाडात जहागीर मिळाली. राजे लवकरच परत गेले, पण प्रतापराव गुजर आणि निराजी रावजी हे फौजेसह मागे राहिले. त्या फौजेचा खर्च जवळजवळ दोन वर्षे मोगलांच्या दौलतीतून निघाला, आणि महाराजांना तेवढ्या काळात राज्याची घडी बसविता आली. कठीण दिवसांत आपला शिपाई उपाशी राहू नये, म्हणून शत्रूच्या कोठारातून त्याची सोय लावणारा असा धनी विरळा. ज्या मुलाच्या नावाने ती सोय झाली, त्याचेच नाव २०२३ सालापासून आपले शहर धारण करीत आहे.

उलट बाजूही पाहण्यासारखी आहे. त्याच सुमारास औरंगजेबाने दक्षिणेतील खर्चाला कात्री लावली. महाराजांना आग्ऱ्यास जाण्यासाठी दिलेले एक लाख रुपये वऱ्हाडच्या जहागिरीतून वसूल करण्याचा हुकूम सुटला. इतिहासकार जदुनाथ सरकार यांनी लिहिले आहे की, मोगलांनी काटकसरीसाठी जे शिपाई काढून टाकले, त्यांतील पुष्कळजण महाराजांच्या चाकरीत आले. १६७० साली युद्ध पुन्हा पेटले, आणि गेलेले किल्ले एकामागून एक परत आले. सिंहगडावर तानाजी मालुसरे पडले ते याच वर्षी. बादशहाची काटकसर त्यालाच महागात पडली.

महाराज काटकसर करीत नसत, असे कोणी समजू नये. त्यांची काटकसर कोठे होती, ते चिपळूणच्या छावणीतील अधिकाऱ्यांना पाठविलेल्या त्यांच्या पत्रावरून कळते. पावसाळ्यासाठी साठविलेले दाणे आणि गवत आताच मन मानेल तसे उडविले तर ऐन पावसात घोडी मरतील, असे त्यांनी बजाविले. मग लोक कुणब्यांच्या घरात शिरून ओरबाडतील आणि रयतेला मोगल बरे वाटू लागतील. म्हणून लागेल ते बाजारातून विकत घ्यावे, रयतेच्या भाजीच्या देठासही हात लावू नये. रात्री दिवे जळत ठेवू नयेत, कारण उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजी जळतील. एवढा मोठा राजा, पण उंदराने नेलेल्या वातीचा विचार करतो! कोठीघराची किल्ली कमरेला असलेल्या बाईला हे पत्र आपल्याच घरातले वाटेल. दाणा आणि गवत जपून वापरावयाचे, वेतन आणि विधवेचा तनखा यांना धक्का लावावयाचा नाही, हा त्यांचा हिशेब होता.

औषधपाण्याविषयीही लिहिले पाहिजे. महाराजांच्या हाताखाली तयार झालेले रामचंद्रपंत अमात्य यांनी पुढे आज्ञापत्र लिहिले. गडावर वैद्य, शस्त्रवैद्य, जखमा बांधणारे आणि औषधांचा साठा असावा, असे त्यात सांगितले आहे. गडावरचा माणूस आजारी पडला तर त्याने खाली उतरून वैद्य शोधीत फिरावयाचे नाही, सोय गडावरच हवी.

२४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीच्या खिंडीत सेनापती प्रतापराव गुजर पडले. त्याच वर्षी ६ जून रोजी रायगडावर महाराजांना राज्याभिषेक झाला आणि तो सोहळा पाहून जिजाबाईंनी अकरा दिवसांनी डोळे मिटले. पुढे दक्षिणेचा मोठा दिग्विजय झाला. १६८० च्या मार्चमध्ये धाकटे पुत्र राजाराममहाराज यांचे लग्न झाले. वधू होती प्रतापरावांची मुलगी जानकीबाई. पडलेल्या सेनापतीची लेक राजाने सून करून घरात आणली. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, ३ एप्रिल १६८० रोजी, रायगडावर महाराजांचे निधन झाले.

त्यांच्या मागे काय झाले तेही ध्यानात घ्यावे. औरंगजेबाच्या स्वारीत खजिना आटला आणि राजाराममहाराजांना सरदारांना पुन्हा वतने द्यावी लागली. तो काळच तसा होता, त्यांना दोष देता येत नाही. पण शाहूमहाराज आणि पेशव्यांच्या दिवसांत सरंजाम कायमचे झाले. पहिल्या बाजीरावांसारखा पराक्रमी पुरुष जन्मभर कर्जाच्या ओझ्याखाली राहिला, आणि थकलेल्या पगारासाठी शिपायांनी सरदाराच्या दारी धरणे धरावे, हे नेहमीचे झाले. वतन न देण्याविषयी आज्ञापत्रात इतके कळकळीने लिहिले आहे, ते उगीच नव्हे.

आज आपले सरकार आहे आणि जवानासाठी पुष्कळ सोयी आहेत. लढाईत कामी आलेल्या जवानाच्या पत्नीस त्याच्या अखेरच्या पगाराइतके निवृत्तिवेतन मिळते, म्हणजे महाराजांच्या निम्म्याहून पुढे आपण गेलो. माजी सैनिकांसाठी २००३ पासून औषधोपचाराची योजना आहे. समान पद, समान निवृत्तिवेतन ही जुनी मागणी २०१५ साली मान्य झाली, पण त्यासाठी म्हाताऱ्या सैनिकांना दिल्लीत जंतरमंतरवर बसावे लागले. २०२२ पासून अग्निवीर म्हणून चार वर्षांसाठी भरती होते. त्यांतील जास्तीत जास्त चौथा हिस्सा पुढे कायम होतो. बाकीच्यांना एकरकमी निधी मिळतो, निवृत्तिवेतन नाही. निवृत्तिवेतनाचा बोजा फार झाला, असे जाणकार म्हणतात. राज्याचा जमाखर्च मला कळत नाही. पण खर्च कमी करावयाचा तर कात्री आधी कोठे लावावी आणि कोठे कधीच लावू नये, हे महाराजांच्या चरित्रावरून माझ्यासारखीलाही समजते.

आपल्या शहरात छावणी आहे. शेजारीपाजारी माजी सैनिकांची आणि जवानांच्या विधवांची घरे आहेत. मंडळाने दोन गोष्टी कराव्यात, अशी माझी सूचना आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला या विधवा भगिनींना मानाने बोलवावे आणि सर्वांबरोबर वाण द्यावे. दुसरे, आपल्यातल्या शिकलेल्या मुलींनी महिन्यातून एक दुपार मंडळाच्या खोलीत बसून त्यांचे अर्ज भरून द्यावेत, दाखल्यांवरची नावे ताडून पाहावीत. ७ डिसेंबरला ध्वजदिनाची वर्गणी आपण देतोच, हे त्याच्याही पुढचे काम आहे. येत्या वर्षात आपल्या हातून एवढे घडो, ही शिवछत्रपतींच्या चरणी प्रार्थना करून लेखणी ठेवते.