फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझन

फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझन (जन्म : ३० मार्च १८१८, हाम, मृत्यू : ११ मार्च १८८८, हेडेसडोर्फ) हे जर्मनीतील ग्रामीण सहकारी पतचळवळीचे प्रवर्तक होते. पेशाने ते बँकर नव्हते, अर्थशास्त्रज्ञही नव्हते. पश्चिम जर्मनीतील वेस्टरवाल्ड या डोंगराळ भागात त्यांनी सुमारे वीस वर्षे ग्रामप्रमुख म्हणून सरकारी नोकरी केली आणि त्या काळात सावकारी पाशात अडकलेल्या शेतकऱ्यांसाठी कर्जसंस्था उभ्या केल्या. पैसा ही ईश्वराने माणसाच्या हाती सोपवलेली ठेव आहे आणि तिचा विनियोग शेजाऱ्याच्या कल्याणासाठी झाला पाहिजे, अशी त्यांची प्रॉटेस्टंट ख्रिस्ती श्रद्धा होती. ही श्रद्धा केवळ उपदेशात न ठेवता संस्थेच्या नियमांत उतरवणे हे त्यांचे खरे कार्य होय. भारतात १९०४ साली झालेल्या सहकारी पतसंस्था कायद्यामागे त्यांच्याच पद्धतीचा आदर्श होता.

बालपण व सैन्यातील नोकरी

रायफायझन यांचा जन्म झीग नदीकाठच्या हाम या गावी झाला. हा भाग तेव्हा प्रशियाच्या अमलाखाली होता. नऊ भावंडांत ते सातवे. वडील गॉटफ्रीड शेती करीत आणि काही काळ गावाचे प्रमुखही होते. परंतु फ्रीडरिश लहान असतानाच त्यांचे निधन झाले. आई अमालिया यांनी ओढग्रस्तीत मुले वाढवली. घरची परिस्थिती अशी की, उच्च शिक्षणाचा विचारही शक्य नव्हता. गावचे धर्मोपदेशक झाइपेल यांनी या मुलाला शिकवले. रायफायझन यांचे शालेय शिक्षण म्हणून जे सांगता येते ते एवढेच. त्यांच्या मनावरील धार्मिक संस्कार आई आणि हे गुरू या दोघांचे आहेत, याविषयी त्यांच्या चरित्रकारांत एकमत आहे.

१८३५ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, ते तोफखान्यात दाखल झाले. सैन्यात त्यांचा जम चांगला बसला होता. पण डोळ्यांच्या विकारामुळे १८४३ मध्ये त्यांना ती नोकरी सोडावी लागली. हा विकार पुढे आयुष्यभर बळावत गेला आणि उतारवयात ते जवळजवळ अंध झाले. सैन्यातून ते मुलकी प्रशासनात आले. १८४५ मध्ये वायरबुश येथे त्यांची ग्रामप्रमुखपदी नेमणूक झाली. त्याच वर्षी एमिली श्टोर्क यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

वायरबुशचा दुष्काळ

वायरबुशच्या हद्दीत अनेक लहानलहान खेडी होती. जमीन हलकी, हवा थंड, रस्ते नाहीत आणि बाजारपेठ दूर. त्यात १८४६ मध्ये धान्य व बटाटा ही दोन्ही पिके बुडाली. १८४६-४७ च्या हिवाळ्यात या भागातील गरिबांवर उपासमारीची पाळी आली. सरकारने पीठ पाठवले, पण ते रोख पैसे घेऊनच द्यावे अशी अट घातली. ज्यांच्याकडे रोकड होती त्यांना त्या पिठाची फारशी गरज नव्हती आणि ज्यांना गरज होती त्यांच्याकडे रोकड नव्हती. अवघ्या अठ्ठावीस वर्षांच्या या अधिकाऱ्याने वरिष्ठांचा आदेश बाजूला ठेवून ते पीठ उधारीवर वाटले.

एवढ्याने भागणारे नव्हते. रायफायझन यांनी गावोगावच्या सुस्थितीतील लोकांना एकत्र करून त्यांच्या वर्गणीतून एक निधी उभारला. त्यातून एकगठ्ठा धान्य विकत घेतले, सार्वजनिक भट्टी बांधली आणि बाजारभावापेक्षा पुष्कळ कमी दराने पाव विकण्यास सुरुवात केली. ज्यांना तेही परवडत नव्हते त्यांना पुढील हंगामात पैसे फेडण्याच्या बोलीवर पाव मिळे. ही संस्था ‘वायरबुशचे पाव मंडळ’ म्हणून ओळखली जाते. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. हे अन्नछत्र नव्हते. पाव फुकट दिला जात नव्हता, उसना दिला जात होता. घेणाऱ्याला याचक न मानता ऋणको मानणे, म्हणजेच तो परत देईल असा विश्वास ठेवणे, हा पुढील सर्व कार्याचा धागा या पहिल्या प्रयत्नातच दिसतो.

याच काळात त्यांनी शाळा बांधवली आणि ऱ्हाईन नदीच्या खोऱ्याशी हा भाग जोडणाऱ्या रस्त्याचे काम हाती घेतले. तो मार्ग आज त्यांच्या नावाने ओळखला जातो.

फ्लामर्सफेल्ड आणि गुरांचा प्रश्न

१८४८ मध्ये त्यांची बदली फ्लामर्सफेल्ड येथे झाली. येथील शेतकरी दुष्काळाने नव्हे, तर गुरांच्या कर्जाने पिडलेला होता. व्यापारी शेतकऱ्याला गाय पाळण्यास देई. चारापाणी शेतकऱ्याचे, दूध आणि शेण त्याला मिळे, पण गाय व्यापाऱ्याचीच राही आणि वासराच्या किमतीतही त्याचा वाटा असे. महाराष्ट्रातील खेड्यांत अर्धेलीने जनावर देण्याची जी रीत होती तिच्याशी हा व्यवहार पुष्कळसा जुळतो. मात्र त्याला कर्जाची व व्याजाची जोड मिळाल्यामुळे तो अधिक जाचक झाला होता. एक हप्ता चुकला की गाय जाई आणि दुसरा चुकला की जमीन.

१८४९ मध्ये रायफायझन यांनी गरजू शेतकऱ्यांसाठी साहाय्य मंडळ स्थापन केले. सुमारे ६० सधन गृहस्थांनी आपली संपूर्ण मालमत्ता एकत्रितपणे तारण म्हणून मागे उभी केली. त्या पतीवर मंडळाने बाहेरून कर्ज काढले, गुरे विकत घेतली आणि ती शेतकऱ्यांना पाच वर्षांच्या हप्त्यांनी दिली. या ६० जणांना त्यातून काहीही मिळणार नव्हते. उलट, मंडळ बुडाले असते तर त्यांची घरेदारे गेली असती. आधुनिक भाषेत बोलायचे तर ही गुंतवणूकच होती; फक्त जोखीम गुंतवणूकदाराची आणि लाभ दुसऱ्याचा.

दानाची मर्यादा

१८५२ मध्ये रायफायझन नॉयवीडजवळील हेडेसडोर्फ येथे आले. १८५४ मध्ये त्यांनी तेथे एक कल्याण मंडळ काढले. त्याची उद्दिष्टे फार व्यापक होती. अनाथ व दुर्लक्षित मुलांचे संगोपन, तुरुंगातून सुटलेल्यांना काम, गुरांची खरेदी, ग्रंथालय आणि कर्जनिधी अशी सगळीच कामे त्याने अंगावर घेतली. मंडळ चालवणारे पुन्हा गावातील सुखवस्तू लोकच होते.

हा प्रयोग हळूहळू थकला. आरंभीचा उत्साह ओसरल्यावर सधन सभासद गळू लागले. दुसऱ्याच्या कर्जासाठी स्वतःची मालमत्ता कायम गुंतवून ठेवणे त्यांना नकोसे वाटले आणि एकेक काम बंद पडत गेले. टिकले ते केवळ कर्जाचे काम. रायफायझन यांच्यासारख्या श्रद्धावान माणसाला हा अनुभव पचवणे सोपे गेले नसावे. शहरी कारागिरांत पतसंस्था काढणारे हर्मान शुल्झे-डेलिच यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार चालू होता. लोकांनी स्वतःच स्वतःला मदत करावी, दानावर संस्था उभी राहत नाही, असे शुल्झे यांचे म्हणणे होते. रायफायझन यांनी ते बऱ्याच विलंबाने आणि काहीशा नाइलाजाने मान्य केले. १८६२ मध्ये आनहाउझन व परिसरातील खेड्यांत आणि १८६४ मध्ये खुद्द हेडेसडोर्फमध्ये अशा कर्जसंस्था निघाल्या की, ज्यांत कर्ज घेणारा स्वतःच सभासद होता आणि इतरांच्या कर्जाला तोही जामीन होता.

दातृत्वावरील विश्वास त्यांनी कमी केला, श्रद्धा मात्र सोडली नाही. ती त्यांनी संस्थेच्या घटनेत घातली. संस्थेचे क्षेत्र एका चर्चच्या हद्दीएवढे, म्हणजे सर्व जण एकमेकांना ओळखतील इतकेच असावे. प्रत्येक सभासदाची जबाबदारी अमर्याद असावी, म्हणजे एकाचे कर्ज बुडाले तर सर्वांनी मिळून ते भरावे. याचा परिणाम दुहेरी होता. एकेकट्या शेतकऱ्याला कोणी दमडी देत नसे, पण संपूर्ण गावाची जमीन पाठीशी आहे हे पाहून बाहेरचे लोक संस्थेत ठेवी ठेवू लागले. आणि शेजारी घेतलेल्या कर्जातून बैल आणतो की ते दारूत घालवतो, याकडे प्रत्येकाचे लक्ष राहू लागले. कर्ज उत्पादक कामासाठीच व शेतीच्या उत्पन्नाला झेपेल अशा दीर्घ मुदतीने दिले जाई. हिशेबनीस सोडल्यास कोणालाही वेतन नव्हते. नफ्याची वाटणी नव्हती. शिल्लक राहील ती रक्कम एका अविभाज्य निधीत जाई आणि संस्था बंद पडली तरी तो निधी सभासदांत वाटून घेता येत नसे; त्याच भागात पुन्हा तशीच संस्था निघेपर्यंत तो जपून ठेवायचा होता.

भुकेल्याला दिलेले अन्न ख्रिस्तालाच पोचते, हा मत्तयाच्या शुभवर्तमानातील विचार त्यांच्या लेखनात वारंवार येतो.

उत्तरायुष्य

१८६३ हे वर्ष त्यांना फार कठीण गेले. पत्नी एमिली यांचे निधन झाले. सात अपत्यांपैकी तीन आधीच बालपणी दगावली होती. याच सुमारास त्यांना विषमज्वराने ग्रासले आणि प्रकृती कायमची खालावली. १८६५ मध्ये, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, त्यांना निवृत्त व्हावे लागले. निवृत्तिवेतन तुटपुंजे होते. उदरनिर्वाहासाठी त्यांनी आधी सिगारचा कारखाना काढला आणि नंतर मद्यविक्रीचा व्यवसाय केला. हजारो शेतकऱ्यांच्या पतीची व्यवस्था लावणाऱ्या या गृहस्थाने स्वतःच्या संस्थांतून मात्र मोबदला घेतला नाही.

१८६६ मध्ये कर्जसंस्थांवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. दृष्टी अधू झाल्यामुळे थोरली मुलगी अमाली हीच त्यांचे डोळे आणि हात बनली होती. ग्रंथाचे लेखन, पत्रव्यवहार, हिशेब या सर्वांत अखेरपर्यंत तिचा वाटा होता. चळवळीच्या इतिहासात तिचे नाव जितके यायला हवे तितके येत नाही. ग्रंथ वाचून ठिकठिकाणचे धर्मोपदेशक, शिक्षक आणि शेतकरी मार्गदर्शन मागू लागले. १८६७ मध्ये त्यांनी दुसरा विवाह केला.

खेड्यातील एकाच हंगामावर अवलंबून असलेल्या संस्थांना वर्षातील काही महिने पैशाची चणचण भासे, तर काही महिने पैसा पडून राही. तो एका गावातून दुसऱ्या गावी वळता व्हावा म्हणून १८७२ मध्ये त्यांनी नॉयवीड येथे मध्यवर्ती सहकारी बँक स्थापन केली. येथे शुल्झे-डेलिच यांच्याशी त्यांचा उघड संघर्ष झाला. भागभांडवल नसलेली, लाभांश न देणारी, अल्प मुदतीच्या ठेवींतून दीर्घ मुदतीची कर्जे देणारी संस्था केव्हातरी कोसळणारच, असे शुल्झे यांचे मत होते. हा आक्षेप हिशेबाच्या दृष्टीने निराधार नव्हता. सहकारी कायद्याचे जनकही शुल्झेच असल्याने कायद्याचा अर्थ त्यांच्या बाजूने झुकला. १८७६ मध्ये रायफायझन यांना मध्यवर्ती बँक भागभांडवली कंपनीच्या रूपात नव्याने उभारावी लागली. पुढे प्राथमिक संस्थांनाही भाग काढणे भाग पडले, तेव्हा त्यांनी भागाची रक्कम अगदी नाममात्र ठेवली.

घरातही फूट पडली. हेसे प्रांतातील विल्हेल्म हास यांना चळवळीतील धार्मिक सूर आणि नॉयवीडचे केंद्रीकरण दोन्ही मान्य नव्हते. १८८३ मध्ये त्यांनी वेगळा संघ स्थापन केला. शेतकऱ्याला खत व बियाणे स्वस्त मिळाले की पुरे, त्यासाठी प्रार्थना कशाला, असा हा व्यवहारी पक्ष होता आणि त्याला अनुयायीही भरपूर मिळाले. रायफायझन यांनी मात्र अखेरच्या वर्षांत उलट दिशेने विचार केला. अविवाहित, व्रतस्थ सेवकांनी चळवळीचा कारभार पाहावा यासाठी ‘कॅरिटास’ नावाची मंडळी स्थापण्याचा त्यांचा मानस होता. तो सिद्धीस गेला नाही.

त्यांच्या कार्याचे मूल्यमापन करताना एक उणीव सांगणे आवश्यक आहे. सावकार व गुरांचे व्यापारी यांच्यावर टीका करताना त्यांच्या लेखनात ज्यू समाजाविषयीचे तत्कालीन पूर्वग्रह उमटले आहेत. जन्मद्विशताब्दीच्या निमित्ताने जर्मनीत या बाजूचीही चर्चा झाली. शेजारधर्म सांगणाऱ्या माणसाची शेजाऱ्याची व्याख्या येथे अपुरी पडली.

सत्तरावा वाढदिवस अवघ्या काही दिवसांवर आला असताना ११ मार्च १८८८ रोजी त्यांचे हेडेसडोर्फ येथे निधन झाले.

भारत व महाराष्ट्राशी संबंध

रायफायझन भारतात कधी आले नाहीत. परंतु ज्या काळात नॉयवीडची मध्यवर्ती बँक आकार घेत होती, त्याच काळात, १८७५ मध्ये, पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली आणि तो उठाव पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. दुखणे एकच होते. सरकारने १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला, पण सावकाराला पर्यायी पतपुरवठा त्याने उभा राहिला नाही. पुढे मद्रास सरकारने फ्रेडरिक निकल्सन यांना युरोपातील पद्धतींचा अभ्यास करण्यास सांगितले. १८९५ व १८९७ मध्ये सादर झालेल्या त्यांच्या अहवालाचे तात्पर्य असे की, नुसती पद्धत आणून भागणार नाही, रायफायझनसारखा माणूस शोधावा लागेल.

१९०४ च्या कायद्याने ग्रामीण संस्थांसाठी अमर्याद जबाबदारीचे तत्त्व स्वीकारले. त्यानुसार १९०५ मध्ये तत्कालीन मुंबई इलाख्यातील धारवाड जिल्ह्यात कणगिनहाळ येथे संस्था निघाली. १९११ मध्ये विठ्ठलदास ठाकरसी व लल्लूभाई सामळदास यांच्या प्रयत्नांतून मुंबईत मध्यवर्ती सहकारी बँक स्थापन झाली. विठ्ठलराव विखे पाटील यांनी १९२३ मध्ये लोणी बुद्रुक येथे पतसंस्था काढली. प्रवरानगरच्या साखर कारखान्याचे मूळ तेथे शोधता येते. मात्र जर्मनीत जे स्थान गावच्या धर्मोपदेशकाचे होते, ते भारतात सरकारी निबंधकाकडे गेले. अमर्याद जबाबदारीही पुढे मागे पडली आणि भाग व लाभांश हेच सहकारी संस्थेचे परिचित रूप झाले.

प्रसार व स्मारके

रायफायझन यांच्या हयातीतच, १८८३ मध्ये, लुइजी वोलेम्बोर्ग यांनी इटलीतील लोरेज्जा येथे या धर्तीची संस्था काढली. ऑस्ट्रियात पहिली संस्था १८८६ मध्ये म्यूल्डोर्फ येथे सुरू झाली. नेदरलँड्समधील राबोबँक या नावातील पहिले अक्षर रायफायझन यांच्याच नावातून आले आहे. सहकारी संस्थांची कल्पना व प्रथा यांचा युनेस्कोने २०१६ मध्ये जर्मनीच्या प्रस्तावावरून अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. हाम येथे त्यांचे संग्रहालय असून फ्लामर्सफेल्ड येथील त्यांचे निवासस्थान आणि वायरबुशची पावाची भट्टी यांच्या स्मृतीही जतन करण्यात आल्या आहेत.