कै. नेव्हिल डिसोझा

पदक मिळालें तरच खेळांतील श्रम सार्थकीं लागले, असें पुष्कळांस वाटतें. नेव्हिल डिसोझा यांचें चरित्र निराळें सांगतें.

१९३२ सालीं जन्मलेले हे गोमंतकीय फुटबॉलपटू मुंबईंत टाटा स्पोर्ट्‌स क्लबकडून खेळत. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्यें १ डिसेंबर रोजीं भारताची गांठ यजमान ऑस्ट्रेलियाशीं पडली. डिसोझांनीं गोल करून दोनदां आघाडी मिळविली. दोन्ही वेळां प्रतिपक्षानें बरोबरी साधली. तरी न खचतां त्यांनीं तिसरा गोल केला आणि भारत ४–२ असा विजयी झाला. ऑलिंपिक फुटबॉलच्या एका सामन्यांत तीन गोल करणारे ते पहिले आशियाई खेळाडू होत.

उपान्त्य सामन्यांत युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोलही त्यांचाच. परंतु भारत १–४ असा हरला आणि पुढें बल्गेरियाकडूनही पराभूत होऊन चौथा आला. पदक हुकलें. तथापि तें चौथें स्थान ऑलिंपिक फुटबॉलमध्यें भारताचें आजवरचें सर्वोच्च स्थान आहे. डिसोझा १९८० सालीं निवर्तले.

मानवतच्या मैदानावरून हरून परतणाऱ्या मुलांनीं व त्यांच्या मातापितरांनीं हें ध्यानीं ठेवावें. मिळविलेली आघाडी गेल्यावरही पुन्हां चेंडूमागें धांवणें, हेंच खऱ्या खेळाडूचें लक्षण होय.