मासळीचे गणित मांडणारे व्हितो व्होल्टेरा

पहिल्या महायुद्धाच्या काळात एड्रियाटिक समुद्रातील मासेमारी बरीच घटली होती. साहजिकच खाण्याजोगी मासळी वाढायला हवी होती. प्रत्यक्षात बाजारात वाढले ते तिच्यावर जगणाऱ्या शार्क, पाकट यांसारख्या माशांचे प्रमाण. फियुमे, म्हणजे आजच्या क्रोएशियातील रियेका बंदरात हे प्रमाण १९१४ मध्ये ११.९ टक्के होते. १९१८ मध्ये ते ३६.४ टक्क्यांवर गेले आणि १९२३ मध्ये पुन्हा १०.७ टक्क्यांवर आले. जीवशास्त्रज्ञ उंबेर्तो द'अँकोना यांनी हे कोडे आपले सासरे, इटलीचे विख्यात गणितज्ञ व्हितो व्होल्टेरा यांच्यापुढे ठेवले.

व्होल्टेरा यांचा जन्म ३ मे १८६० रोजी अँकोना येथील ज्यू कुटुंबात झाला. ते दोन वर्षांचे असताना वडील वारले आणि मामाच्या आधाराने त्यांचे शिक्षण झाले. तेविसाव्या वर्षी ते पिसा विद्यापीठात प्राध्यापक झाले. १९०० मध्ये ते रोमला आले आणि १९०५ मध्ये सिनेटर झाले. महायुद्धात, वयाची पंचावन्न वर्षे उलटलेली असतानाही, ते स्वेच्छेने सैन्यात दाखल झाले.

१९२६ मध्ये त्यांनी या कोड्याचे उत्तर दोन समीकरणांत मांडले. लहान मासे वाढले की मोठ्यांना अन्न मिळते आणि तेही वाढतात. मग लहान मासे घटतात आणि उपासमारीने मोठेही कमी होतात. हे चक्र चालूच राहते. बेताची मासेमारी दोघांनाही मारते, तरी सरासरीने लहान मासळी वाढते, कारण तिचे भक्षक घटतात. मासेमारी थांबली की लाभ भक्षकांना होतो. अमेरिकेतील आल्फ्रेड लोट्का यांनीही स्वतंत्रपणे अशीच समीकरणे मांडली होती. म्हणून ती दोघांच्या नावांनी ओळखली जातात. बाजारातील नोंदींचा हा अर्थ सर्वांनाच पटला नाही आणि दोनच गटांचा समुद्र कोठे नसतोही. १९८४ मध्ये हवाई बेटांच्या परिसरासाठी मांडलेल्या 'इकोपाथ' प्रतिमानात शेवाळापासून शार्कपर्यंतची सारी अन्नसाखळी हिशेबात घेतली गेली.

दरम्यान इटलीत मुसोलिनी यांची राजवट आली होती. १९३१ मध्ये प्राध्यापकांना फॅसिस्ट सत्तेशी निष्ठेची शपथ सक्तीची झाली. सुमारे बाराशे प्राध्यापकांपैकी मोजक्याच जणांनी ती नाकारली, त्यांत सत्तरी ओलांडलेले व्होल्टेरा होते. त्यांचे अध्यासन गेले. १९३४ मध्ये देशातील विज्ञानसंस्थांचे सदस्यत्वही गेले. १९३६ मध्ये व्हॅटिकनच्या विज्ञान अकादमीने मात्र त्यांना सदस्य करून घेतले. ११ ऑक्टोबर १९४० रोजी रोम येथे त्यांचे निधन झाले.