ओर्ताची बाग आणि पारिजातकाचे नाव

पणजीच्या चर्च चौकातील नगरोद्यानाला गार्सिया द ओर्ता याचे नाव आहे. सायंकाळी तेथील बाकांवर विसावणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते की, ज्याच्या नावाने ही झाडे ओळखली जातात, त्याची हाडे याच गोव्यात थडग्यातून उकरून जाहीरपणे जाळण्यात आली होती.

स्पेनच्या सीमेलगत पोर्तुगालात कास्तेलो द विद नावाचे गाव आहे. इ. स. १५००च्या सुमारास तेथे ओर्ताचा जन्म झाला. आईवडील मूळचे स्पेनमधील ज्यू. १४९२ साली स्पेनने ज्यूंना देशाबाहेर घालवले, तेव्हा ते पोर्तुगालात आले आणि पाचच वर्षांनी तेथे ज्यूंवर सक्तीने बाप्तिस्मा लादण्यात आला. अशा कुटुंबांना ‘नवख्रिस्ती’ म्हणत, आणि या शब्दातच कायमचा संशय दडलेला असे. ओर्ताने सालामांका व अल्काला येथे वैद्यक शिकून पुढे लिस्बनच्या विद्यापीठात अध्यापन केले. मात्र १५३४च्या मार्चमध्ये मार्तिम अफोन्सो द सौझा याचा वैद्य म्हणून तो जहाजावर चढला आणि सप्टेंबरात गोव्यास उतरला. दोनच वर्षांनी पोर्तुगालात इन्क्विझिशनची स्थापना झाली. हे पाहता त्याच्या प्रवासामागे केवळ मसाल्यांचे कुतूहल होते असे मानणे कठीण आहे.

सुरुवातीची काही वर्षे सौझाच्या मोहिमांबरोबर गुजरातच्या किनाऱ्यावर गेली. नंतर तो गोव्यातच स्थिरावला, १५४१ साली ब्रियांदा द सोलिस हिच्याशी विवाहबद्ध झाला, वैद्यकीबरोबर व्यापारही करू लागला. अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहा त्याच्या रुग्णांपैकी एक. शहाने त्याला रोगांची व औषधांची अरबी नावे शिकवावीत आणि ओर्ताने शहाला लॅटिन नावे सांगावीत, अशी त्यांची देवाणघेवाण चाले. मुंबईचे बेट पोर्तुगीज सरकारने त्याला खंडाने दिले होते. तेथे वर्षातून दोनदा फळणारे एक आंब्याचे झाड आपल्याकडे असल्याचे त्याने कौतुकाने नोंदवून ठेवले आहे.

या साऱ्या वर्षांचे संचित १० एप्रिल १५६३ रोजी गोव्यात छापून प्रसिद्ध झाले. भारतातील औषधी वनस्पती व द्रव्यांवरील हा संवादरूप ग्रंथ मुद्रणाच्या चुकांनी भरलेला होता, शुद्धिपत्रच कित्येक पानांचे होते. मिरी, वेलची, दालचिनी, कापूर, हिंग, अफू, भांग, नारळ, विड्याचे पान, फणस, आंबा अशा एकेका विषयावर ओर्ता आणि रुआनो नावाचा कल्पित पाहुणा बोलत बसतात. रुआनो ग्रीक व अरबी आचार्यांचे आधार देतो आणि ओर्ता त्याला बागेत नेऊन झाड दाखवतो. स्पेनमध्ये असतो तर त्या आचार्यांविरुद्ध बोलण्याचे धाडस झाले नसते, याची कबुलीही तो देतो.

त्याचे गुरू मात्र इथलेच होते. मालुपा नावाचा हिंदू वैद्य ग्रंथात प्रत्यक्ष येऊन बोलतो. अंतोनिया ही घरातील दासी सांगितलेले पान वा फळ आणून देते. तिला त्यांची पारख किती होती, हे वाचताना सहज जाणवते, पण श्रेयाच्या यादीत तिला जागा नाही. स्थानिक नावे ओर्ता कानाने टिपून घेई. पटकीच्या रोगाचे एका युरोपीय वैद्याने केलेले पहिले तपशीलवार वर्णन याच ग्रंथात आहे. क्षीण नाडी, खोल गेलेले डोळे, गार पडलेली त्वचा, पायांत येणारे गोळे, सारे खाटेशेजारी उभे राहून पाहिलेले. त्याने दिलेले रोगाचे नाव आहे ‘मोर्शी’, म्हणजे आपली मोडशी. पुढे फ्रेंचांच्या तोंडी त्याच शब्दाचे ‘कुत्र्याचे मरण’ अशा अर्थाचे रूप झाले, ही भाषेची गंमत.

त्याच्या चुकाही आहेत. काळी आणि पांढरी मिरी वेगवेगळ्या वेलींची, असे तो समजत होता. वस्तुतः दोन्ही एकाच वेलीची. काळी मिरी हिरवे दाणे वाळवून होते, तर पांढरी पिकलेल्या दाण्यांची साल काढून.

ग्रंथाला गोव्याच्या इन्क्विझिटरची परवानगी मिळालेली होती. हे न्यायासन १५६० साली येथे सुरू झाले होते. गॅलनवर शंका घेणाऱ्या या माणसाला स्वतःच्या श्रद्धेबद्दल मात्र घराच्या भिंतींबाहेर एक शब्दही काढता येत नव्हता. १५६८ साली तो वारला. त्यानंतर लवकरच बहीण कातारिना पकडली गेली आणि ऑक्टोबर १५६९ मध्ये तिला जिवंत जाळण्यात आले. नातलगांच्या जबान्यांतून ओर्ताही गुप्तपणे ज्यू धर्मच मानत होता, असा निष्कर्ष काढण्यात आला. ४ डिसेंबर १५८० रोजी त्याचे अवशेष बाहेर काढून अग्नीच्या स्वाधीन करण्यात आले.

तोवर ग्रंथ मात्र हाताबाहेर गेला होता. क्लुसियुस या वनस्पतिशास्त्रज्ञाला पोर्तुगालात त्याची एक प्रत मिळाली होती. त्याने केलेला संक्षिप्त लॅटिन अनुवाद १५६७ साली अँटवर्पमध्ये छापला गेला. संवाद गळाले, अंतोनियाही गळाली, पण वनस्पती युरोपभर पोचल्या.

त्यांत पारिजातक होता. सूर्यावर जीव जडलेल्या आणि त्याने टाकून दिल्यावर स्वतःला जाळून घेतलेल्या एका कन्येच्या राखेतून हे झाड उगवले, म्हणून त्याची फुले सूर्याचे तोंड पाहत नाहीत, ही गोव्यात ऐकलेली कथा ओर्ताने ग्रंथात घातली होती. पोर्तुगीजांत प्रचलित असलेले ‘दुःखी झाड’ हे त्याचे नावही त्याने दिले होते. १७५३ साली लिनियसने पारिजातकाचे शास्त्रीय नाव निश्चित केले, निक्टँथिस आर्बोर-ट्रिस्टिस. त्यातील आर्बोर-ट्रिस्टिस म्हणजे तेच दुःखी झाड.