जगद्गुरू नारायणभट्ट : पैठणचे घराणे, काशीचे देऊळ

देवळाचा जीर्णोद्धार म्हटला की दगड, चुना, शिखर आणि कळस यांचा हिशेब प्रथम डोळ्यांपुढे येतो. परंतु वास्तू पुरी झाली म्हणजे देऊळ झाले असे नाही. गणेशपूजन, पुण्याहवाचन, मातृकापूजन, नांदीश्राद्ध, नवग्रहांचा होम आणि प्राणप्रतिष्ठा हे सर्व यथाक्रम पार पडल्यावरच त्या वास्तूत देव नांदतो. हे विधी क्रमवार लिहून ठेवणाऱ्या थोर पुरुषांत काशीच्या नारायणभट्टांचे नाव फार वरचे आहे. विशेष हे की, ज्यांनी विधी लिहिले त्यांच्याच हातून एक मोठे देऊळही उभे राहिले.

नारायणभट्टांचे घराणे मूळचे पैठणचे. गोत्र विश्वामित्र, वेद ऋग्वेद. वडील रामेश्वरभट्ट हे मोठे विद्वान अध्यापक होते. नारायणभट्टांचा जन्म शके १४३५ (इ. स. १५१३) मधला मानतात. पुढे रामेश्वरभट्ट कुटुंबासह काशीस जाऊन राहिले आणि हे दक्षिणी घराणे तेथे कायमचे स्थिरावले. नारायणभट्टांचे शास्त्राध्ययन वडिलांपाशीच झाले. इ. स. १५४५ मध्ये त्यांनी 'वृत्तरत्नाकर' या छंदशास्त्राच्या ग्रंथावर टीका लिहिली. त्यांच्याकडे शिकण्यासाठी दूरदूरच्या प्रांतांतून विद्यार्थी येत. काशीच्या विद्वत्सभेत अग्रपूजेचा मान त्यांना मिळे आणि लोक त्यांना 'जगद्गुरू' म्हणत. त्यांचे पुत्र शंकरभट्ट यांनी 'गाधिवंशानुचरित' या ग्रंथात घराण्याची हकीकत लिहून ठेवली आहे.

त्या काळी काशीची स्थिती बिकट होती. राज्यक्रांतीच्या धामधुमीत विश्वेश्वराचे देवालय पूर्वीच उद्ध्वस्त झाले होते आणि मूळचे लिंगही जागेवर राहिले नव्हते. महिनोन्‌महिने पायी चालून आलेल्या यात्रेकरूपुढे मोठा प्रश्न उभा राही. ज्याच्यासाठी आलो तोच देव येथे नाही, मग यात्रा फळली की फुकट गेली?

नारायणभट्टांनी प्रयाग, काशी आणि गया या तीन क्षेत्रांवर 'त्रिस्थलीसेतु' हा ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी या प्रश्नाचे उत्तर दिले. काळाच्या ओघात मूळ लिंग जाऊन दुसरे बसविले गेले असेल, तर त्या जागी जे लिंग असेल त्याचीच पूजा करावी. तेथे काहीच उरले नसेल, तरीही त्या स्थानाला प्रदक्षिणा घालावी व नमस्कार करावा. या निर्णयाने लाखो भाविकांची यात्रा सार्थ झाली. देऊळ पडले तरी स्थान पडत नाही, हा धीर त्यांनी शास्त्राच्या आधाराने दिला.

पण ते एवढ्यावर थांबले नाहीत. एकदा मोठे अवर्षण पडले असता नारायणभट्टांच्या अनुष्ठानाने पाऊस पडला, आणि त्यामुळे देवालय पुन्हा बांधण्याची परवानगी मिळाली, अशी कथा परंपरेने चालत आली आहे. कथा बाजूला ठेवली तरी बांधकाम ही इतिहासातली गोष्ट आहे. अकबर बादशहाचा दिवाण राजा तोडरमल याच्या साहाय्याने इ. स. १५८५ च्या सुमारास नारायणभट्टांनी विश्वेश्वराचे भव्य मंदिर पुन्हा उभे केले. त्या वेळी त्यांचे वय सत्तरीच्या पुढे होते.

पावसासाठी अनुष्ठान करण्याला शास्त्रात जुना आधार आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत ग्रहयज्ञाची जी प्रयोजने सांगितली आहेत, त्यांत संपत्ती, शांती, आयुष्य व पुष्टी यांबरोबर वृष्टीही येते. या यज्ञाला लागणाऱ्या समिधा पाहिल्या तर खेड्यातल्या माणसाला त्या परक्या वाटणार नाहीत. सूर्याला रुई, चंद्राला पळस, मंगळाला खैर, बुधाला आघाडा, गुरूला पिंपळ, शुक्राला उंबर, शनीला शमी, राहूला दूर्वा आणि केतूला दर्भ. प्रत्येक ग्रहाला मध, तूप, दही किंवा दूध लावलेल्या समिधांच्या १०८ किंवा २८ आहुती द्याव्यात असे स्मृती सांगते. मत्स्यपुराणात याच यज्ञाचे दहा हजार, एक लक्ष व एक कोटी आहुतींचे प्रकार दिले आहेत. म्हणजे राजाने करावा असाही हा यज्ञ आहे, आणि बांधावरच्या झाडांच्या काड्या जमवून गरिबाने करावा असाही आहे.

मौंजी, विवाह इत्यादी संस्कार कोणत्या क्रमाने करावेत हे सांगणारा नारायणभट्टांचा 'प्रयोगरत्न' हा ग्रंथ 'नारायणभट्टी' या नावाने याज्ञिकांत प्रसिद्ध झाला. त्यांच्या मुला-नातवंडांनी हीच परंपरा पुढे वाढविली. नातू कमलाकरभट्ट यांनी इ. स. १६१२ मध्ये 'निर्णयसिंधु' पूर्ण केला. दुसरे नातू नीलकंठभट्ट यांनी बारा 'मयूख' रचले. त्यांतील 'शांतिमयूख' ग्रहशांतीसाठी आणि 'प्रतिष्ठामयूख' देवप्रतिष्ठेसाठी प्रमाण मानतात. पणतू गागाभट्ट यांनी इ. स. १६७४ मध्ये रायगडावर शिवछत्रपतींना राज्याभिषेक केला.

नारायणभट्टांनी बांधलेले मंदिर मात्र शंभर वर्षेही टिकले नाही. इ. स. १६६९ मध्ये औरंगजेबाच्या हुकुमाने ते पाडले गेले. पुढे इ. स. १७८० च्या सुमारास पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांनी शेजारीच नवे मंदिर बांधले. मधल्या शंभराहून अधिक वर्षांत काशीची यात्रा काही बंद पडली नाही. भाविक येत राहिले, गंगास्नान करीत राहिले, विश्वेश्वराला हात जोडीत राहिले. 'त्रिस्थलीसेतु'तला निर्णय असा दुसऱ्यांदा उपयोगी पडला.

नारायणभट्टांच्या चरित्रातून जीर्णोद्धार करणाऱ्या प्रत्येक गावाने एवढे ध्यानी घ्यावे. तोडरमलाचे द्रव्य लागले त्या भिंती गेल्या, पण त्यामुळे ते दान वाया गेले नाही. कारण देवाचे ठिकाण त्या दानाने पुन्हा जागते झाले. दात्याने दिलेला रुपया आणि गावकऱ्याने वाहिलेला दगड एक दिवस झिजणारच. रोजची पूजा, सांजेचा दिवा आणि वेळच्या वेळी होणारे विधी चालू राहिले, तर पुढच्या पिढीला पुन्हा बांधण्याची बुद्धी होते. काशीला तसेच झाले.